हिराबायचा डबा आणि माझ्या चार बिनड्रायव्हरच्या गाड्या

गाडीत ड्रायव्हर नसायचा, पण गाडी रस्ता चुकली की शिव्या मात्र मला बसायच्या. द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात मी चार वर्षं हीच नोकरी केली. चार गाड्यांच्या वाट्याच्या शिव्या एकट्याने खायच्या. वजन वाढलं ते त्याच काळात.

हुद्दा भारदस्त होता, 'दिशादर्शन सुरक्षा पर्यवेक्षक'. कार्डावर मावेना म्हणून 'पर्यवेक्षक' मागच्या बाजूला छापला होता. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत त्यातला 'सुरक्षा' एवढा एकच शब्द लोकांनी वाचला आणि गेटचा वॉचमन गावाला गेला की चाव्या माझ्याकडे येऊ लागल्या.

त्याआधी तीस वर्षं मी वायरलेसचे सेट दुरुस्त केले. माझा कान असा तयार झाला होता, की बंद रेडिओला कान लावून मी सांगायचो, चालू असता तर कुठलं स्टेशन लागलं असतं. बायको म्हणते, हे साफ खोटं आहे. तिच्या माहेरचा रेडिओ मी उघडला तो कायमचाच, त्याचा तिला राग आहे.

आता धंदा काय होता ते सांगतो. बंदरातून आलेले कंटेनर यार्डात या रांगेतून त्या रांगेत न्यावे लागतात. पूर्वी हे काम ड्रायव्हर करायचे. मग आमच्या शेठनी पुण्याहून चार विजेच्या गाड्या मागवल्या. केबिन नाही, स्टिअरिंग नाही, आरसा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, गाडीचं मुंडकं कुणीतरी कापून नेलंय. त्यांना नुसते नंबर होते. मी नावं ठेवली: आत्या, मामी, काकू आणि मावशी. स्वभावावरून. आत्या ताठ, मामी घुमी, काकूला ब्रेक मारायची घाई आणि मावशी बिचारी सांगाल तिकडे जायची.

या गाड्यांना आपण कुठे आहोत हे आभाळातले उपग्रह सांगतात. पण उपग्रह हजारो कोस वर. खाली येईपर्यंत त्यांचा आवाज इतका बारीक होतो, की माथेरानच्या टोकावर कुणी कुजबुजावं आणि आपण उरणच्या बसस्टँडवर उभं राहून ते ऐकावं. आता अशा वेळी शेजारी उभा असलेला एखादा लबाड माणूस उपग्रहाचा आवाज काढून कानात बोलला, "बाई, तू इथे नाहीस, तिकडे आहेस," तर गाडी कुणाचं ऐकणार? जवळच्याचं. नुसता गोंगाट करून उपग्रहाचा आवाज बुडवणं निराळं. त्यात गाडीला काहीच ऐकू येत नाही, ती जागच्या जागी थांबते आणि निदान आपल्याला कळतं. पण नक्कल झाली तर गाडी मोठ्या आत्मविश्वासाने चुकते. माझं काम त्या नकलाकाराला पकडायचं आणि गाड्यांना त्याच्यापासून जपायचं.

शेठनी अट घातली होती. सलग सात दिवस चारही गाड्यांना माणसाचा हात लागता कामा नये. प्रत्येक गाडीच्या पाठीवर एक लाल बटण होतं. ते एकदा जरी दाबावं लागलं तरी परीक्षा नापास. संधी तीन. तिन्ही गेल्या तर गाड्या पुण्याला परत आणि त्यांच्यासोबत माझी नोकरीही. वय अठ्ठावन्न, गुडघे त्याहून मोठे. दुसरीकडे कोण ठेवणार होतं मला? सोसायटीच्या चाव्या तेवढ्या होत्या.

पहिल्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी सव्वाअकराला, पाठीवर कंटेनर घेऊन रांगेतून येणारी आत्या एकदम डावीकडे वळली, यार्डाच्या मागच्या भिंतीपाशी गेली आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. समोर काही आलं की थांबायचं, एवढं शहाणपण तिच्यात होतं म्हणून भिंत वाचली. तिच्या हिशेबाने ती मेन गेटपाशी होती. गेट तिथून सरळ अर्धा किलोमीटर आणि रस्त्याने वळसा घालून दोन. मी बटण दाबलं.

दुसऱ्या परीक्षेत चौथ्या दिवशी मामी. वेळ साधारण तीच, साडेअकरा. पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्याभोवती तिने प्रदक्षिणा सुरू केल्या. सात झाल्या तोवर कामगार नमस्कार करू लागले होते. अकराव्या प्रदक्षिणेला टँकरवाल्याला चक्कर आली. मी बटण दाबलं.

पुण्याला ऋता मॅडम नावाच्या इंजिनिअर बसायच्या. गाड्यांचा मेंदू त्यांनी लिहिलेला. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण मी त्यांना मॅडम म्हणायचो आणि त्या मला काका.

"काका, गाडी ठीक आहे. तुमच्याकडे काहीतरी आहे," त्या फोनवर म्हणाल्या.

"मॅडम, माझ्याकडे मधुमेह आहे. दुसरं काही नाही."

"मस्करी नको. तिसरी परीक्षा एक महिन्यावर आलीय. अकरा ते दोन, रोज त्याच वेळेत सिग्नल बिघडतोय. शोधा."

शोधायचं कसं? दिशा दाखवणारी महागडी यंत्रं असतात. मी शेठच्या ऑफिसात मागणी दिली. ऑफिस म्हणालं, परीक्षा पास झाल्यावर घेऊ. म्हणजे विहीर खणल्यावर कुदळ.

तेव्हा मी घरातली कढई उचलली. लोखंडी, दोन कानांची, बायकोच्या रुखवतातली. युक्ती साधी होती. सिग्नल ऐकणारं छोटं यंत्र पोटाशी धरायचं, त्याच्या एका बाजूला कढई आडवी लावायची आणि स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. खरे उपग्रह आभाळभर पसरलेले असतात, त्यामुळे कढई कुठेही धरा, एखाददुसराच झाकला जातो. पण सगळे आवाज एकाच जागेवरून येत असतील तर कढई त्या बाजूला आली की सगळेच एकदम मंदावतात.

भर उन्हात कढई छातीशी धरून मी यार्डात गोल गोल फिरत होतो. गेटवरच्या गार्डने बराच वेळ पाहिलं, मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मी मागच्या भिंतीकडे तोंड केलं, कढई आडवी धरली आणि सगळे उपग्रह एकदम कोमेजले. म्हणजे माझे नकली उपग्रह भिंतीपलीकडे होते.

मी शिडी लावून वर चढलो. पलीकडे एक भलंमोठं भेंडीचं झाड, भाजीच्या भेंडीचं नव्हे, खाडीकाठी वाढतं ते. त्याच्या सावलीत पंधरा-वीस ट्रेलर निवांत उभे. मधोमध पत्र्याची टपरी, बाहेर बाकं, बाकांवर ड्रायव्हर लोक आडवा हात मारत बसलेले. टपरीला एक उंच बांबू बांधलेला, बांबूच्या टोकाला एक काळी डबी. डबीला हळदकुंकू आणि झेंडूचा हार.

खालून एका बाईचा आवाज आला. "कोन रं तो भितीवर? चोर हाय का?"

"चोर नाही बाई, यार्डातला साहेब आहे."

"मंग येकच झालं. खाली उतर, पाय मोरल!"

मी स्कूटरवरून वळसा घालून गेलो. ती हिराबाय. जासईची, साठीच्या घरातली, नाकात नथनी आणि हातात उलथनं. तिने मला बसवलं, न विचारता ताट वाढलं आणि मग समोर उभी राहिली.

"बोल आता. काय नेलं तुजं?"

"बाय, ती वरची डबी काय आहे?"

"नंबराचा डबा हाय तो."

पुढचं तिचा भाऊ गणपत याने सांगितलं. पन्नाशीचा गडी, मिशा अशा की दोन बाजूंना दोन माणसं लटकावीत. बाहेरून कंटेनर घेऊन आलेल्या ट्रेलरला यार्डात शिरायला नंबर लावावा लागतो. गेटसमोर पाच-पाच तास उभं राहायचं. तिथे ना झाड, ना पाणी, ना आडोसा.

"पयले आमी दगर ठेवायचो," गणपत म्हणाला. "दगरावर खडूनं गारीचा नंबर लिवायचा, गेटसमोर रांगेत ठेवायचा आनि इथं जेवाला यायचं. दगराला ऊन लागत नाय. कोनी कोनाचा दगर हलवला नाय कदी. चोरसुद्धा हलवायचा नाय."

मग शेठनी ॲप आणलं. गेटसमोर नकाशावर एक चौकोन आखला. ट्रेलरमधल्या यंत्राने 'मी चौकोनात आहे' असं सांगितलं तरच नंबर लागणार आणि बाहेर पडलं की नंबर गेला. रांगेतले दगड जेसीबीने उचलून खाडीत टाकले.

"मंग आमी डबा आनला. डबा म्हनतो, समद्या गाऱ्या गेटावर हायत. गाऱ्या इथं सावलीत. कोनाचं काय गेलं?"

"अहो, पण असा डबा वापरणं गुन्हा आहे! आणि तो भिंतीपलीकडे माझ्या गाड्यांनाही तेच सांगतोय!"

"त्यो आदी मसाल्याच्या फळीवर व्हता," हिराबाय म्हणाली. "पन कडंच्या गाऱ्यांना पोचना. म्हातारा डायवर, शेवटाला उभा, त्याचा नंबर हुकला. जेवता जेवता रडला तो. मंग मीच बोलले, वर बांदा. समद्यांना पोचला पायजे."

आता बघा. जगात लबाडी करणारे पुष्कळ. पण शेवटच्या माणसापर्यंत लबाडी समान पोचावी म्हणून ती बांबूवर चढवून तिला हार घालणारे फक्त आमच्या उरण पट्ट्यातच सापडायचे.

मी म्हटलं, "बाय, डबा बंद करा. माझी नोकरी जाईल."

"आनि याची गेली त्याचं काय?" तिने उलथन्याने गणपतकडे दाखवलं. "तुज्या यार्डातच व्हता हा. या रांगेतनं त्या रांगेत गारी चालवायचा. तुज्या बिनडायवरच्या आल्या आनि याला भायेर ट्रेलरवर टाकला. उनात."

गणपत ताटातला काटा काढत राहिला.

शेठना कळवलं असतं तर दुपारपर्यंत टपरी सपाट झाली असती. गणपतला पोलीस. माझी परीक्षा पास. मी स्कूटरला किक मारली ती शेठकडे जायच्याच इराद्याने, खोटं कशाला बोलू? पण जासईच्या फाट्यापर्यंत जाता जाता डोक्यात आलं, की हा डबा बंद होईल, उद्या दुसरा कुणी तिसऱ्या बांबूवर बांधेल. माझ्या गाड्या जर हिराबायच्या डब्याला फसणाऱ्या असतील, तर दोष गाड्यांचा. आणि अशी रोज अकरा ते दोन नेमाने चालणारी, भरवशाची फसवणूक मला शिकवणीसाठी फुकट कुठे मिळणार होती?

मी परत फिरलो. "बाय, डबा बंद करू नका. तसाच ठेवा."

"डोक्यावर पडलास का येता येता?"

ऋता मॅडमना मी फक्त एवढंच कळवलं, की स्थानिक पातळीवर नकली सिग्नलची नियमित सोय झाली आहे. त्या म्हणाल्या, "काका, हे कायदेशीर आहे ना?" मी म्हटलं, "मॅडम, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला. चौकशी थांबवायला सिग्नलचा असाही उपयोग होतो.

महिनाभर आम्ही गाड्यांना संशय शिकवला. मॅडमना मी माझ्या पद्धतीने समजावलं: जावई सासरी गेला की सासू एक बोलते, मेहुणा दुसरं, आणि सासरा तर बोलतच नाही. हे झालं खरं सासर. पण ज्या दिवशी सगळे एका सुरात, एकाच पट्टीत गोड बोलू लागतात, त्या दिवशी जावयाने खिसा धरावा. गाडीचंही तेच. खरे उपग्रह कुणी मोठ्याने, कुणी हळू, कुणी या बाजूने, कुणी त्या बाजूने बोलतात. सगळे एका बाजूने, एकाच जोरात बोलायला लागले की समजायचं, डबा लागला.

मॅडमनी गाडीच्या टपावर पुढे-मागे दोन अँटेना बसवायला लावल्या, म्हणजे आवाज कुठल्या बाजूने येतोय ते गाडीला कळावं. संशय आला की गाडीने आभाळाचं ऐकणं सोडायचं, चाकं किती फिरली ते मोजायचं आणि कॅमेऱ्याने जमिनीवरचे पिवळे पट्टे बघत जायचं. म्हणजे जे गणपत वीस वर्षं करत होता तेच. पट्टे कुठे पुसले जातात, टायर झिजला की चाकाचं माप कसं चुकतं, हे सगळं मी गणपतलाच विचारायचो. जेवता जेवता तो सांगायचा, मी मॅडमना सांगायचो. मॅडमना वाटायचं, काकांचा केवढा अभ्यास! मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. ते करायला हवं होतं.

तिसरी परीक्षा सुरू झाली. सहा दिवस आत्या, मामी, काकू आणि मावशी अशा चालल्या, की एखाद्या शिस्तीच्या घरातल्या बायका हळदीकुंकवाला निघाव्यात. रोज अकराला डबा लागायचा, चौघी क्षणभर थबकायच्या, डोकं झटकायच्या आणि पिवळ्या पट्ट्याने पुढे. डोकं त्यांना नव्हतं, पण झटकलेलं मी पाहिलंय.

सातव्या दिवशी दुपारी बाराला मी हिराबायकडे गेलो आणि पाहतो तो काय! भेंडीखाली चाळीस ट्रेलर. रस्त्यापर्यंत रांग. आणि बांबूच्या टोकाला डबीच्या जागी गव्हाच्या डब्याएवढं धूड.

"बाय! हे काय?"

"आज तुजी परीक्षा ना शेवटची?" हिराबायच्या चेहऱ्यावर लेकाच्या लग्नातला आनंद. "तूच बोल्लास ना, डबा लागूं दे, तवाच गाऱ्या शिकतात? मंग गनपत बोल्ला, साहेबाच्या परीक्षेला बारका डबा बरा नाय दिसत. मोठा आनला. समद्यांना जेवान पन हाय आज."

मी बांबूकडे धावलो आणि तेवढ्यात एक पांढरी लांबलचक गाडी रस्त्यावरून आली आणि टपरीसमोर थांबली. आत फोनमधली रस्ता दाखवणारी बाई मधाळ आवाजात सांगत होती, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

मागच्या दारातून शेठ उतरले. परीक्षेचा निकाल बघायला ते गेटवर निघाले होते. ड्रायव्हर नवा, फोनवर विसंबलेला. शेठनी समोर पाहिलं. गेट नाही. भेंडीचं झाड, बांबू, बाया, बोंबील. मग हातातल्या फोनवर पाहिलं. ॲपमध्ये चाळीस ट्रेलर गेटसमोरच्या चौकोनात शिस्तीत उभे. मग पुन्हा समोर पाहिलं. तेच चाळीस ट्रेलर.

"हे काय चाललंय?" शेठ माझ्याकडे वळले.

मी आजवर पुष्कळ थापा मारल्या, पण त्या सगळ्या सराव होत्या. त्या क्षणासाठी.

"सर, अंतिम चाचणी. तुम्हाला सरप्राइज होतं."

"आणि या बाई?"

"चाचणी विभागप्रमुख."

हिराबाय पुढे आली. "शेठ, बसा. बोंबील खानार?"

"मी शाकाहारी आहे," शेठ कसंबसं म्हणाले.

"मंग डाळ-वांगा हाय. भितीकडं काय बगता? भितीपल्याड त्या गाऱ्या बगा!"

भिंत या बाजूने बुटकी होती, शेठना बाकावर चढवून मी पलीकडे पाहायला लावलं. मनात माझ्या गावाकडच्या साताऱ्याच्या, उरणच्या आणि उगाच असू दे म्हणून कर्जतच्याही देवांना साकडं घातलं. मोठ्या डब्यासमोर गाड्यांची शिकवणी झालेलीच नव्हती. आत्या कंटेनर घेऊन वळणावर आली. थबकली. एक सेकंद, दोन, तीन. माझ्या छातीत मामी प्रदक्षिणा घालू लागली. मग आत्या उजवीकडे वळली, पिवळ्या पट्ट्यावरून सरळ गेली आणि आपल्या रांगेत, खुणेवर, बोटभरही इकडे तिकडे न होता उभी राहिली.

"सर, या डब्याने चाळीस ट्रेलर फसले," मी म्हटलं. "तुमचा फोन फसला. तुमची गाडी फसली, माफ करा, तुम्हीही फसलात. फक्त त्या चौघी फसल्या नाहीत."

शेठ मग खाली उतरले आणि डाळ-वांगं मागितलं. संध्याकाळी पाचला परीक्षा संपली. लाल बटणाला कुणाचा हात लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायचा होता. तीस पानं लिहिली, कारण तीस पानं कुणी वाचत नाही. सव्विसाव्या पानावर एक शिफारस घातली: दिशादर्शन सुरक्षेच्या कारणास्तव गेटचा चौकोन मागच्या बाजूने किंचित वाढवावा. शेठनी सही केली. नव्या नकाशात गेटच्या चौकोनाला एक लांब नाक फुटलं आणि त्या नाकाचा शेंडा बरोबर भेंडीच्या झाडावर टेकला. ऋता मॅडमनी विचारलं, "काका, हे नाक कशाला?" मी म्हटलं, "मॅडम, श्वास घ्यायला." आता सावलीत उभ्या ट्रेलरचा नंबर खराखुरा लागत होता. डबा गणपतने स्वतःच्या हाताने उतरवला. नकली सिग्नलवर याहून पक्का इलाज माझ्या माहितीत नाही. लोकांना ज्यासाठी खोटं बोलावं लागतं, ते त्यांना देऊन टाकावं.

हे सांगायला मी टपरीवर गेलो तेव्हा हिराबायने मला ओवाळायचंच बाकी ठेवलं होतं. आनंदाच्या भरात नको ते तोंडातून गेलं. "बाय, शेठ इतके खूश झालेत की अजून वीस गाड्या मागवल्यात."

चार गाड्या आल्यावरही ज्यांची यार्डातली नोकरी टिकली होती, ते ड्रायव्हर तिथेच बाकांवर जेवत होते, बारा-पंधरा जण. गणपतने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिवळे पट्टे कुठे पुसतात ते त्यानेच मला सांगितलं होतं.

हिराबाय भिंतीकडे बघत राहिली. पलीकडून काकूच्या ब्रेकचा आवाज आला.

"गुनी हायत तुज्या गाऱ्या," ती म्हणाली. "कोनाच्या खोट्याला फसत नाय. पन खऱ्यानं हाक मारली, या जेवाला, तर येतील का रं?"

कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे तीन थापा तयार असतात. त्या दिवशी एकही सापडली नाही. मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागलो.